दगडाला लाईट, पोराला नाही

लाईटबिल आलंय. 203 युनिट.

हे वाचून ज्यांना काहीच वाटलं नाही ते कर्नाटकात राहत नसणार. आमच्याकडं 2023 पासून गृहज्योती आहे, फुकट विजेची सरकारी योजना, म्हणजे आपली जुनी सरासरी आणि वर दहा टक्के एवढ्यात वापर राहिला तर बिल शून्य, त्याच्या वर गेलं तर तेवढ्या वरच्या युनिटचे पैसे, आणि 200 ओलांडलं की मग अख्खं बिल भरा. पहिल्या युनिटपासून. बिल सगळं कन्नडमध्ये असतं, साठ-सत्तर वर्षं या सीमेवर बसून आमच्या घरात कुणाला ते धड वाचता येत नाही आणि मराठीत द्या म्हटलं तर कुणी ऐकत नाही, तो राग वेगळाच आहे, पण 203 हा आकडा बरोब्बर वाचता आला.

आणि ती वरची तीन युनिटं कुणाची ते मला पक्कं माहीत आहे. समोरच्या अज्जींची.

आता थोडक्यात सांगतो. आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात बाहेरच्या खोलीत चार फुटी टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. दोन क्लाउन मासे, आणि बाकी झोआन्थिड, मशरूम असले मऊ कोरल, म्हणजे प्रवाळ. (खरे दगडी कोरल आपल्याकडं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत, त्यामुळं त्यांचं नावसुद्धा काढत नाही.) आधी वर टी-फाइव्ह ट्यूब होत्या, 54 वॅटच्या चार. रोज दहा तास, म्हणजे महिन्याला 65 युनिट निव्वळ उजेडाला. गेल्या वर्षी 34,000 रुपये घालून एलईडी घेतला, तो 100 वॅट खातो, महिन्याला 30 युनिट. बायकोनं कॅलेंडरच्या मागं हिशोब मांडला, 35 युनिट वाचले, सहा रुपयांनी 210, म्हणजे 34,000 फिटायला साडेतेरा वर्षं. तोवर मासे नातवंडं बघतील म्हणाली.

मी म्हटलं, चुकलं. ट्यूब जळत नाहीत तरी वर्षभरात ढिल्या पडतात, चारही बदलाव्या लागतात, त्याचे पैसे धर. मेटल हॅलाइडचा दिवा घेतला असता तर 250 वॅट आणि वर पाणी तापतं म्हणून ते थंड करायला चिलर, बेळगाव थंड थंड म्हणतात पण एप्रिलात 36 ला जातंच की, आणि माझ्या टाकीला 25-26 च्या वर सोसत नाही. पण खरा मुद्दा तो नाहीच. ट्यूब असताना आमचं घर 232 ला होतं, एलईडी आल्यावर 197 ला आलं. म्हणजे वाचले ते 210 नाहीत, जवळजवळ अख्खं बिल, तेराशे-साडेतेराशे. दोन-सव्वादोन वर्षांत लाईट फुकट. हा हिशोब मांडून दाखवला त्या दिवशी तिनं मला दुसरा चहा न मागता दिला होता. म्हणून सांगतो, ते तीन युनिट साधे नाहीत.

एलईडीनं सुरुवातीला मला फसवलंही. आणला त्या दिवशी हौसेनं फुल्ल लावला. डोळ्याला तर ट्यूबपेक्षा कमीच वाटत होता, कारण निळा उजेड आपल्याला फार दिसत नाही, पण कोरलला तो सगळा पोचतो. चार दिवसांत हिरवं मशरूम आक्रसून बटणाएवढं झालं आणि पांढरंफटक, भिजवलेल्या साबुदाण्यासारखं. मग तीस टक्क्यांवर आणून महिनाभर थोडं थोडं चढवत नेलं. हे विकणाऱ्यानं सांगायला नको? तो म्हणाला, लाईफ पन्नास हजार तास. लाईटची म्हणे. मशरूमची कोण सांगणार?

असो. अज्जी.

आषाढातली संध्याकाळ, बाहेर धो धो, दार वाजलं. अज्जी छत्री मिटत आत. मागं त्यांची सून, तिच्यामागं बाळंतपणाला माहेरी आलेली नात, नातीच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं सहा दिवसांचं पोरगं. आणि अज्जींच्या काखेत सूप. तांदूळ पाखडायचं सूप.

"लाईट चालू हाय न्हवं?"

मला वाटलं त्यांच्याकडची गेली. म्हटलं आहे की, बसा.

"बसाय न्हाई आलो. पोरगं पिवळं पडूलंय. कावीळ. डॉक्टर म्हणाले उद्या परत रगत बघू, वाढली तर निळ्या लाईटखाली ठिवाय लागंल. शेजारीण म्हणाली सकाळचं ऊन द्या. ऊन कुठं हाय गा बेळगावात? पंधरा दिस झालं सूर्य बघून. मग सांजच्याला खिडकीतनं बघितलं, तुझ्या घरात निळं निळं."

आणि सूप टाकीवर धरून माप घेतलं. खरंच घेतलं. "बरोब्बर बसतंय बघ काचेवर. डोळ्याला पट्टी पण आणलीया," म्हणत कमरेची पिशवी सोडून जुन्या लुगड्याची शिवलेली इवलीशी पट्टी दाखवली, दोन्ही टोकांना नाड्या.

मी म्हटलं अज्जी, हा तो लाईट नव्हे, हा समुद्रातल्या प्राण्यांसाठी आहे.

"प्राणी कुठाय?"

हे काय, हे.

"हे दगड हाय."

आता इथं शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी कोरल समजावायला घेतलं. हा प्राणीच आहे, पण ह्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, त्या शेवाळाला उजेड लागतो, उजेडावर ते साखर तयार करतं आणि त्यातली बरीचशी ह्याला देतं, त्यावर हा जगतो.

अज्जी जरा वेळ बघत राहिल्या. "म्हणजे भाडेकरू."

हं, तसंच.

"आनी भाडं साखरेत देतोय."

हो.

"येळेवर?"

उजेड असला तर रोज.

"बघ गे," अज्जी सुनेकडं वळल्या, "दगडाचा भाडेकरू रोज देतोय. आन आमचा वरचा! तीन महिनं झालं. मागाय गेलं की म्हणतोय, अज्जी, माग बंद हाय, सूत महाग झालंय. टीवी मात्र चालू. पाणी आमचंच. परवा नळ आला तर सगळ्यात आधी ह्याचीच कळशी..." मग वरच्या भाडेकरूची गोष्ट. पुरी पंधरा मिनिटं. त्याची बायको, त्याचा वडगावातला भाऊ, त्या भावानं विकलेले दोन माग, सगळं. मी उभा, सून उभी, नात बिचारी सहा दिवसांची ओली बाळंतीण, तिला मीच खुर्ची दिली. पोरगं तेवढं निळ्या उजेडात शांत झोपलेलं.

मग परत सूप उचललं. "तर ठिवायचं न्हवं? अर्धा तासच."

मी नाही म्हटलं. अगदी स्पष्ट. खाली तीनशे लिटर खारं पाणी, झाकणाला पाच मिलिमीटरची काच, वर विजेची तार. आणि दवाखान्यातला लाईट मोजून देतात, किती वेळ, किती अंतरावर, मध्ये मध्ये रक्त बघून. अज्जी म्हणाल्या, "लाईट म्हणजे लाईट की गा. निळा तो निळाच."

आणि चीड याचीच येते. दवाखान्यातल्या लाईटची तरंगलांबी 460 नॅनोमीटरच्या आसपास असते, माझ्या निळ्या दिव्यांची 450 च्या. चौथी शिकलेली बाई खिडकीतनं बघून चुकली ती फक्त दहानं. मी चार महिने वाचून तो लाईट निवडला होता.

मी म्हटलं पोरगं झोपाळू वाटलं, पीत नसलं, तर उद्याची वाट बघू नका, आत्ता घेऊन जा. नातीनं माझ्याकडं बघून मान हलवली. अज्जींनी सूप काखेत मारलं, पट्टी पिशवीत घातली आणि उंबऱ्यावर थांबून एकच वाक्य बोलल्या, "असूं दे. दगडाला लाव."

पोरगं सकाळी दाखल झालं, दोन दिवस लाईटखाली ठेवलं, बरं होऊन घरी आलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण चार दिवसांनी किराणा दुकानात पोह्याला उभा होतो तर पुढच्या दोन बाया मागं बघून कुजबुजल्या, आणि दुकानदार, ज्याची माझी वीस वर्षांची ओळख, पुडी बांधता बांधता मला म्हणतो कसा, "काय गा, दगडाला लाईट देतोस म्हणं, पोराला न्हाई?" अज्जींनी दवाखान्याच्या बिलाचा आकडाही गल्लीभर सांगितला होता आणि शेवटी जोड द्यायची, "तितं बी निळाच व्हता. समोर फुकट झालं असतं." लोक हसत होते. मीही हसलो. घरी येऊन पोहे आपटले.

आणि मग माणसं यायला लागली. कावीळीचा लाईट बघायला. रोज संध्याकाळी दोन-चार जण, पोरंबाळं घेऊन, हा दगड जिवंत आहे का, हा मासा खातात का, हा लाईट गुडघ्याला चालतो का. माझा टायमर सातला बंद करतो. पण सातलाच लोक येतात, समोर उभी माणसं आणि टाकीत अंधार, बरं दिसत नाही, म्हणून बायकोनं तो नऊ केला. कोरलला बारा तास नको असतात, झोआन्थिड वैतागून तोंडं मिटून बसायला लागले, पण पाहुण्यांपुढं त्यांचं कोण ऐकतं. दोन तास जादा, रोज 200 वॅट-तास, महिन्याला सहा युनिट.

197 अधिक सहा.

बिल हातात घेऊन हे गणित करत होतो तर खिडकीत टकटक. अज्जी, कडेवर ते पोरगं. चांगलं गुबगुबीत, गालाला काजळाचा ठिपका. मी आजपासून टायमर परत सातवर आणलाय, आणि सव्वासात वाजले होते.

"अंधार का गा केलैस? पोरगं आलंय बघाय."

लावला.