हॉटेल रिकामं आहे? सरकारी पाहुणे ठेवा

पात्रांव, सीझन संपला. रशियन गेले, दिल्लीवाले गेले, शॅकच्या झावळ्या उतरल्या, आणि कळंगुटच्या तुमच्या खोल्यांत आता चार महिने फक्त ओल मुक्कामाला येणार. दर पावसाळ्यात तुम्ही पर्यटन खात्याच्या नावाने बोटं मोडता. यंदा तसं करू नका. खोल्या सरकारला द्या, आश्रय मागायला आलेल्या लोकांना ठेवण्यासाठी. ब्रिटनमध्ये या धंद्याला बारमाही सीझन आहे.

तिथल्या सरकारने २०१९ ते २०२९ या दहा वर्षांची कंत्राटं दिली तेव्हा खर्चाचा अंदाज साडेचार अब्ज पौंडांचा होता. २०२५च्या मे महिन्यात तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब केला तर आकडा १५.३ अब्जांवर गेलेला. हॉटेलात ठेवलेले लोक एकूण संख्येच्या जेमतेम तिसरा हिस्सा, पण खर्चातला तीन चतुर्थांश वाटा हॉटेलांचा. आता बोला, डिसेंबरातल्या तुमच्या कुठल्या गिऱ्हाइकाने असा भाव दिला होता?

एक मात्र नीट समजून घ्या. या धंद्यात खोली विकत नाहीत, वाट पाहणं विकतात. पाहुण्याच्या अर्जाचा निकाल लवकर लागला की तुमची खोली रिकामी. म्हणून निकाल देणाऱ्या कार्यालयात माणसं कमी राहतील अशी प्रार्थना करा. म्हापशाच्या देव बोडगेश्वराला नारळ ठेवायला हरकत नाही, पण ब्रिटनच्या अनुभवावरून सांगतो, नारळाशिवायही जमतं.

पाहुण्याला काम करू देऊ नका. तिथे अर्जाला बारा महिने होईपर्यंत कामाची परवानगी मागताच येत नाही, आणि नंतर मिळाली तरी ठरावीक यादीतल्याच कामांची. याचा फायदा दुहेरी आहे. तो डॉक्टर असो की गवंडी, दिवसभर खोलीत पडून राहतो, आणि बाहेरचे लोक म्हणतात, बघा, फुकट खातोय. खाण्याचं म्हणाल तर हॉटेलात जेवण मिळतं म्हणून हातखर्चाला आठवड्याला ९ पौंड ९५ पेन्स. यात बसचं भाडं, मोबाइलचं रिचार्ज आणि ऐषोराम. आपल्या पैशांत हजार-बाराशे रुपये होतात. शनिवारी रात्री बागा बीचवर तुमचा पुतण्या एवढ्यात किती वेळ बसतो, ते तुम्हीच सांगा.

खोल्या कमी पडल्या तर नदी आहेच. ब्रिटनने २०२३च्या जुलैमध्ये डॉर्सेटच्या पोर्टलँड बंदरात 'बिबी स्टॉकहोम' नावाचा तीन मजली तराफा उभा केला, पाचशे पुरुषांसाठी. ऑगस्टमध्ये पहिले पाहुणे चढले आणि त्याच आठवड्यात पाण्यात न्यूमोनिया करणारे लीजनेला जिवाणू सापडले म्हणून सगळ्यांना उतरवावं लागलं. मग पुन्हा चढवलं. डिसेंबरात तिथे एका माणसाचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर तो बंद केला. एवढ्यात गाशा गुंडाळायची त्यांना काय घाई होती कोण जाणे! त्यांनी पणजीला येऊन शिकायला हवं होतं. मांडवीतले कॅसिनो 'लवकरच दुसरीकडे हलवू' म्हणत मुदतवाढीवर मुदतवाढ घेत कसे तरंगत राहतात, हे आपल्या पाटोवर उभं राहून शेंबडं पोरसुद्धा दाखवेल. शिवाय तिथे आश्रय मागणारे गच्चीवर दिव्यांच्या माळा लावून येत नाहीत, त्यामुळे किनाऱ्यावरून कोणाला त्रासही नाही.

गावाला आधी काही सांगू नका. ग्रामसभेत विषय आला की लोक पाणी, कचरा, शाळा असे भलतेच प्रश्न विचारतात. व्हॉट्सॲपला सांगू द्या, तो जास्त रंगवून सांगतो. फक्त विम्याचे कागद पाहून घ्या. २०२४च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या रॉदरहॅमजवळ जमावाने असंच एक हॉटेल पेटवायचा प्रयत्न केला, तेव्हा माणसं आत होती.

गाव अगदीच ऐकत नसेल तर पेपरात जाहिरात द्या, पण पाहुण्यांसाठी. १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा इंग्लंडातल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेने युगांडातल्या पेपरात छापलं होतं की तुमच्या हितासाठी सांगतो, लेस्टरला येऊ नका. त्या लोकांत आपले गोंयकारही होते. ब्रिटनने त्यांना जुन्या लष्करी तळांवर, कडाक्याच्या थंडीत, पण छपराखाली ठेवलं. लेस्टरला पुढे पुष्कळ लोक गेलेच, आणि आज तिथे दिवाळीच्या रोषणाईला नगरपालिकाच मिरवते. जाहिरातीवर भरवसा ठेवू नये, एवढाच त्यातून बोध घ्या.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडचं राहू दे, आपल्या सरकारचं काय? इथे तर अजून सोपं. आपण १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७च्या पुरवणीवरही नाही. कायद्याच्या दारात उभा असतो तो नुसता परदेशी. कागद नसलेल्या परदेशी माणसाची गोव्यात सोय म्हापशाला आहे, तुरुंगाच्या जुन्या इमारतीत. तिथे भाड्याचा करार नाही, नाश्त्याच्या तक्रारी नाहीत, आणि 'गुगल'वर तारेही द्यावे लागत नाहीत. तामिळनाडूत श्रीलंकेतून आलेल्या तमिळांच्या छावण्या १९८३पासून आहेत. २०२१ साली सरकारने त्यांना 'पुनर्वसन' छावण्या म्हणायचं ठरवलं, रंगाचा एक डबा गेला असेल. घाट चढून कर्नाटकातल्या मुंडगोडला जाल तर तिबेटी वसाहत १९६६पासून आहे. तिथले मठ पाहून, फोटो काढून आपण संध्याकाळी परत येतो. यजमान कधी परतणार, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

भाटकार, म्हणजे जमीनमालक म्हणून तुम्हाला एकच धास्ती असेल: हा पाहुणा पुढेमागे मुंडकार, म्हणजे हक्काचं कूळ होऊन बसला तर? त्यावर ब्रिटनने नामी उपाय काढलाय. अर्ज मंजूर झाला, माणूस खरंच जीव वाचवून आलाय असं सरकारने लिहून दिलं, की त्याने २८ दिवसांत खोली सोडायची. मध्यंतरी ५६ दिवस करून पाहिले, पण एवढं लाडावणं बरं नाही म्हणून एकट्या प्रौढांना पुन्हा २८. म्हणजे सिद्ध होईपर्यंत छप्पर, सिद्ध झालं की रस्ता. अभिनंदनाचं पत्र आणि नोटीस तुम्ही एकाच पाकिटात देऊ शकता, टपालखर्च वाचेल.

कागदपत्रांचं तुम्हाला नवीन नाही. परदेशी गिऱ्हाइकाच्या माहितीचा सरकारी फॉर्म चोवीस तासांत भरायची सवय तुमच्या काउंटरला आहेच. येण्याचं कारण लिहायच्या जागी एरवी 'पर्यटन' लिहिता, तेच चालू ठेवा. 'बॉम्ब' लिहिलं तर साहेब विचारत बसेल.

आणि हो, पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडातल्या स्विंडनला गेलेला तुमचा भाचा. त्याने परवा कुटुंबाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता ना, 'या बाहेरच्यांना हाकला' म्हणून? त्याला आज रात्री फोन करा आणि सांगा, असल्या हॉटेलांसमोरच्या मोर्चात उभा राहू नकोस, बाबा. उभं राहायचंच तर पासपोर्ट कपाळाला चिकटवून राहा.