‘डॉक्टर औषध वाचवतात’ म्हणणाऱ्या वाचकांना

पू झालेली दाढ बधिर का होत नाही हे सांगणाऱ्या ‘दाढेचं इंजेक्शन का लागत नाही’ या लेखावर एका वाचकांनी लिहिलंय: “सगळं पुस्तकी. माझी दाढ बधिर झाली नाही तेव्हा तिथेच आणखी दोन इंजेक्शनं मारली असती तर काम झालं असतं. तुम्ही डॉक्टर लोक औषध वाचवता. जास्त वेळ टिकणारं बुपिव्हाकेन का देत नाही? आणि झायलोकेन-लिग्नोकेन हा घोळ कशाला?”

घोळ माझा, मान्य. झायलोकेन हे लिग्नोकेनचंच, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाचंच, ब्रँडनाव; लेखात ती दोन औषधं वाटतात. दुरुस्त केलंय.

पण ‘औषध वाचवता’? लालबागला बावीस वर्षं दाढा काढतोय. 30 मिलीच्या व्हायलमधलं एका दाढेला दोन-तीन मिली लागतं. त्यात वाचवायचं काय? आरोप करण्याआधी निदान विचारायचंत तरी.

आता तुमचं ‘तिथेच आणखी दोन’. दुखण्याचा संदेश नसेत सोडियम आत शिरल्याने पुढे जातो; लिग्नोकेन सोडियमची ती दारं आतल्या बाजूने अडवतं. नसेच्या आवरणातून आत शिरायला रेणूवर विद्युतभार नसावा लागतो. आत गेल्यावर तो भार घेतो आणि दार अडवतो. निरोगी हिरडीत, म्हणजे 7.4 पीएचला (पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त), शंभरातले साधारण 24 रेणू भाराविना असतात. पू झाला की तिथला भाग आम्लधर्मी होतो. पीएच 6.4 वर आला तर असे तीनच उरतात. वर सुजेने फुगलेल्या रक्तवाहिन्या औषध वाहून नेतात, आणि नस आधीच चेतलेली असते. त्याच जागी आणखी ओतलं तर ताण वाढून ठणका वाढतो, जंतूही पुढे ढकलले जातात.

म्हणून जागा बदलायची. खालच्या दाढेची नस मागे जबड्याच्या हाडात शिरते, तिथे, पूपासून लांब, ब्लॉक द्यायचा, म्हणजे अख्खी नसच तिथे बधिर करायची. सुई हाडाला टेकली की किंचित मागे घ्यायची आणि दट्ट्या ओढून बघायचा. सिरिंजमध्ये लाल रेघ आली तर सुई रक्तवाहिनीत आहे. तिथे औषध सोडलं की छाती धडधडते, कानात गुणगुणतं. रेघ नसेल तर मिनिटभर लावून सावकाश सोडायचं. पाचेक मिनिटांत त्या बाजूचा खालचा ओठ जड व्हायला हवा. नाही झाला तर ब्लॉक चुकला, तो पुन्हा द्यायचा. तेवढ्यापुरतं तुमचं ‘आणखी एक’ बरोबर.

बुपिव्हाकेनवर वाद नको. पूमध्ये त्याचे भाराविना रेणू लिग्नोकेनपेक्षाही कमी असतात, आणि चुकून रक्तात गेलं तर ते हृदयाला जास्त घातक.