व्हिक्सबर्ग आणि फॅरागट : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की, अमेरिकेच्या यादवी युद्धात न्यू ऑर्लीन्स, बॅटन रूज, नॅचेझ ही दक्षिणेच्या बंडखोर राज्यांची मिसिसिपीकाठची शहरं उत्तरेचा आरमारी अधिकारी फॅरागट याच्या ताफ्यापुढे पटापट नमली, तर त्याच नदीवरचं व्हिक्सबर्गही मे १८६२ मध्ये पडायला हवं होतं. फॅरागटने कच खाल्ली आणि मी माझ्या लेखात त्याला पाठीशी घातलं. हा निवाडा मला मुळीच मान्य नाही.

न्यू ऑर्लीन्स सखल आहे. एप्रिलात नदी फुगलेली होती, त्यामुळे जहाजांच्या तोफा बांधावरून थेट रस्त्यांवर रोखता येत होत्या. व्हिक्सबर्ग सुमारे २०० फूट उंच कड्यांवर वसलेलं. गणित करून पाहा : ४०० यार्डांवरून कड्याच्या माथ्यावर नुसता नेम धरायलाच नळी साडेनऊ अंश उचलावी लागते. जहाजाच्या बाजूच्या तोफेची नळी, ती ज्या खिडकीतून बाहेर काढतात तिच्या वरच्या चौकटीला अडते. मागे सरकलं तर कोन कमी होतो, पण मातीच्या मोर्चामागची तोफ निकामी करायला गोळा नेमका तिच्यावरच बसावा लागतो, आणि लांबून ते क्वचितच साधतं. फॅरागटच्या मदतीला आरमारी अधिकारी पोर्टरच्या १३ इंची उखळी तोफा जूनमध्ये आल्या. त्यांचे गोळे वर पोहोचले, पण गोळे शहर ताब्यात घेत नाहीत. त्यासाठी पायदळ लागतं, आणि सोबतच्या पायदळाचा सेनापती विल्यम्सपाशी तेव्हा जेमतेम ३००० माणसं होती.

उंचीचं महत्त्व पटत नसेल तर त्याच वर्षीचा फेब्रुवारी पाहा. ६ तारखेला उत्तरेचाच आरमारी अधिकारी फूट याच्या चिलखती नौकांनी टेनेसी नदीवरचा फोर्ट हेन्री पायदळ पोहोचण्याआधीच घेतला. किल्ला इतका सखल की आत पुराचं पाणी शिरलं होतं. आठच दिवसांनी, कंबरलँड नदीवरच्या फोर्ट डोनेल्सनपाशी, त्याच फूटला माघार घ्यावी लागली, तो स्वतः जखमी झाला. तिथला तोफखाना उंचावर होता. नौकांचं अडीच इंची चिलखत समोरच्या माऱ्यासाठी होतं, वरून डेकवर कोसळणाऱ्या गोळ्यांसाठी नव्हे.

एक दुरुस्ती मात्र करतो. लेखात मी ‘चिलखती नौका’ असं सरसकट लिहिलं, ते चुकलं. फॅरागटची जहाजं लाकडी, समुद्रावरची. ‘हार्टफोर्ड’ला सतरा फुटांच्या आसपास पाणी लागे. जुलैत नदी उतरू लागली, माणसं हिवतापाने आडवी झाली. अजून थांबला असता तर जहाजं गाळात रुतली असती. २४ जुलैला तो निघाला, ते शहाणपणच होतं.

आरमाराचा खरा उपयोग १८६३ मध्ये झाला. उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या सैन्याला शहराच्या खालच्या बाजूला नदीपार न्यायला नौका हव्या होत्या, म्हणून १६ एप्रिलच्या रात्री पोर्टरने ताफा शहरासमोरून खाली काढला : दिवे बंद, शहराच्या विरुद्ध बाजूला कोळशाचे बार्ज (सपाट मालवाहू होड्या) बांधलेले, मोक्याच्या जागी कापूस आणि ओल्या गवताचे गठ्ठे, वाफेचा फुसफुसाट दबावा म्हणून ती नौका ढकलणाऱ्या चाकांवरच्या आच्छादनात सोडलेली. शत्रूने काठावर आगी पेटवून नदी उजळली. तरी ताफा शहराच्या काठाला चिकटून गेला, कारण वरच्या तोफा तेवढ्या खाली वाकत नव्हत्या. एक वाहतूक नौका गमावली, एवढंच. धोका पुढचा होता : प्रवाहाविरुद्ध या संथ नौका त्या तोफांखालून परत वर येणं जवळजवळ अशक्य, हे पोर्टरने ग्रँटला आधीच बजावलं होतं.

आणि तेव्हाही नुसत्या माऱ्याने काठ जिंकता आला नाही. २९ एप्रिलला व्हिक्सबर्गच्या खाली, नदीकाठच्या ग्रँड गल्फवर सात चिलखती नौकांनी पाच तासांहून जास्त मारा केला. खालचा तोफखाना गप्प झाला, वरचा शेवटपर्यंत बोलत राहिला. ग्रँटने तिथे उतरण्याचा नाद सोडला. रात्री नौका पुढे निसटल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच ब्रुइन्सबर्गला सैन्य पलीकडे नेलं. तिथे अडवायला कोणी नव्हतं.