दगड दुसऱ्याच परिच्छेदात होते

(आधीच सांगते, खाली चार जुन्या कथांचे शेवट फोडले आहेत. ज्यांना ते चालत नाही त्यांनी इथूनच परत फिरावं. अर्थात, शेवट कळल्यावर कथा मरते का, हाच या पोस्टचा विषय आहे.)

मागे एका स्पर्धेसाठी आलेल्या रहस्यकथा-गूढकथा वाचायचं काम माझ्याकडे आलं. गठ्ठा संपता संपता लक्षात आलं, की निम्म्या कथांच्या शेवटी कोणीतरी म्हणतं, "अहो, पण ती तर तीन वर्षांपूर्वीच गेली!" उरलेल्यांपैकी बऱ्याच कथांत गोष्ट सांगणाराच खुनी निघतो. लिहिणाऱ्यांकडे भाषा होती, वातावरण उभं करायची ताकदही होती. पण प्रत्येक कथा शेवटच्या ओळीसाठी जगत होती आणि ती ओळ आली की संपत होती. नंतर एका मुलाने विचारलं, "ताई, माझ्या कथेत ट्विस्ट कमी पडला का?" तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलून मी वेळ मारून नेली. खरं उत्तर आज देते: कमी नाही, जास्त पडला. आयरनी कमी पडली.

आयरनी म्हणजे माणूस एक समजून बोलतो-वागतो आणि त्याचा खरा अर्थ भलताच निघतो, ते. तिला नेमका मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. उपरोध म्हटलं की टोमणा आठवतो, विडंबन म्हटलं की नक्कल. दैवदुर्विलास बराच जवळ जातो, पण त्यात सगळं दैवावर ढकललं जातं आणि माणूस सुटतो. काळ्या कथेत माणूस सुटता कामा नये. म्हणून आयरनीच म्हणते.

ट्विस्ट आणि ताण यांतला फरक रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला समजावून सांगितला होता, तो अनेकांना ठाऊक असेल. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतायत आणि खाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला काहीच माहीत नसेल तर स्फोटाचा धक्का 15 सेकंद टिकतो. बॉम्ब आहे आणि तो किती वाजता फुटणार हे आधीच दाखवलं, तर त्याच रटाळ गप्पा 15 मिनिटं जीव टांगणीला लावतात. मला यातल्या बॉम्बपेक्षा गप्पा जास्त महत्त्वाच्या वाटतात. कारण त्यातलं प्रत्येक साधं वाक्य आता दोन अर्थांनी ऐकू येतं. एक बोलणाऱ्याचा अर्थ, एक आपला. या दोन अर्थांमधल्या फटीत भीती राहते.

एडगर अ‍ॅलन पोची 1846 सालची 'द कास्क ऑफ अमोंतियादो' घ्या. मित्राचा सूड घ्यायचा हे मोंत्रेसोर पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो. रहस्य असं काही उरतच नाही. मग तो त्या मित्राला जुन्या मद्याचं आमिष दाखवून तळघरात नेतो. मित्राचं नाव फोर्तुनातो, म्हणजे नशीबवान! ओलीने त्याला खोकल्याची उबळ येते. तो म्हणतो, खोकल्याने काही मी मरणार नाही. मोंत्रेसोर म्हणतो, खरंय, खरंय. पुढे त्याच्या दीर्घायुष्यासाठी पेलाही उचलतो. तो खोटं बोलतोय का? एक अक्षरही नाही. फोर्तुनातो खोकल्याने मरतच नाही, तो भिंतीत चिणला जातो. आणि त्या "खरंय"ला आपण गालात हसलेलो असतो, ही खरी गोम. हसलो म्हणजे खुन्याच्या बाजूने दिव्याखालून चाललो की!

वाचकाला असं सामील करून घेण्यात रोआल्ड डालचा हात कोणी धरणार नाही. त्याची 'लँब टू द स्लॉटर' 1953 ची. नवरा पोलीस खात्यात, बायको सहा महिन्यांची गरोदर. तो घरी येऊन तिला सोडणार असल्याचं सांगतो. तिच्या हातात गोठलेली मटणाची तंगडी असते, तीच ती त्याच्या डोक्यात घालते. मग तंगडी भट्टीत भाजायला ठेवते, आरशासमोर दुकानदाराशी बोलायच्या वाक्यांची तालीम करते आणि बटाटे-वाटाणे आणायला बाहेर पडते. रात्री तपासाला आलेले नवऱ्याचे सहकारी तीच तंगडी खाता खाता म्हणतात, हत्यार इथेच कुठेतरी असणार, अगदी नाकासमोर. काखेत कळसा म्हणतात तो हा, फक्त इथे कळसा पोटात गेलाय. पलीकडच्या खोलीत ती खुदकन हसते आणि आपणही हसतो. कथा संपते. मग कधीतरी रात्री आठवतं, की एक माणूस मेला आणि त्याची बायको पकडली जाऊ नये म्हणून आपण देव पाण्यात घालून बसलो होतो.

पहिल्या वाचनात मीही याला निव्वळ चतुराई समजले होते. आता मला आरशासमोरची ती तालीम सगळ्यात भयंकर वाटते. खून एका क्षणात झाला, रागात झाला. तालीम शांतपणे झाली, आणि तिथेच आपण तिच्या बाजूला गेलो.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, की शेवटी काव्यगत न्याय झाला पाहिजे. ही ओढ फार जुनी आहे. अ‍ॅरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये आर्गोसच्या मितिसची गोष्ट दिली आहे. मितिसचा खुनी त्याचा पुतळा बघत असतानाच तो पुतळा त्याच्या अंगावर कोसळला आणि खुनी मेला. निव्वळ योगायोगामागेही काही हेतू असावा असं वाटलं, की तो जास्त थक्क करतो, असं त्याचं म्हणणं. बरोबरच आहे. पण मितिसची गोष्ट ऐकून झोप चांगली लागते! करावे तसे भरावे, विषय संपला. पुतळा ज्याने काहीच केलं नाही त्याच्यावर कोसळतो तेव्हा कथा काळी होते.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची 'द मंकीज पॉ' (1902) तशी आहे. तीन इच्छा पुऱ्या करणारा माकडाचा वाळका पंजा एका साध्या कुटुंबाच्या हाती येतो. म्हातारा बाप हावरट नाही, उलट मला हवं ते सगळं आहे म्हणतो. मुलगाच सुचवतो, घराचं कर्ज फिटेल एवढे 200 पौंड माग. पैसे येत नाहीत म्हटल्यावर तोच थट्टा करतो, ते काही मला दिसायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी कारखान्यात यंत्रात सापडून तो मरतो आणि कंपनीचा माणूस भरपाई घेऊन येतो, 200 पौंड. पैसे त्याला खरोखरच दिसत नाहीत. स्वतःच्या मरणाची किंमत मुलाने स्वतः ठरवली होती, हसत, घरच्यांसमोर. पुढे मुलगा परत यावा अशी इच्छा मागितल्यावर रात्री दारावर थाप पडते, ती सगळ्यांना आठवते. माझ्या मनात मात्र तो आकडा रुतून बसलाय.

"इतकं काळं कशाला वाचायचं?" असंही लोक विचारतात. नुसतं काळं मलाही नको असतं. चार मुडदे आणि बादलीभर रक्त ओतलेल्या कथा मी दहा पानांत सोडून देते. आपल्याकडे मतकरी आणि धारपांमुळे गूढकथेला मोठा वाचक मिळाला, त्यामुळे वाचक कच्चा आहे ही सबब तर देऊच नये.

तर त्या मुलाला सांगायचं ते एवढंच, की आपली कथा शेवट माहीत असलेल्या माणसाला वाचायला दे. त्याने ती मध्येच खाली ठेवली, तर तुझ्याकडे फक्त शेवट होता.

मी हे शिकले शर्ली जॅक्सनच्या 'द लॉटरी'वरून. 'द न्यूयॉर्कर'मध्ये ती 26 जून 1948 ला आली आणि त्या उन्हाळ्यात लेखिकेला 300 हून अधिक पत्रं गेली, बहुतेक गोंधळलेली नाहीतर संतापलेली. जूनमधली ऊन पडलेली सकाळ, गावकरी वार्षिक सोडतीसाठी जमतायत. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला सगळे मिळून दगडांनी ठेचून मारणार, हे शेवटाला कळतं. पण दगड दुसऱ्याच परिच्छेदात आहेत! पोरं खिशात भरतायत, ढीग रचतायत. पोरांचा खेळ समजून पहिल्यांदा मी ते वाचून पुढे गेले होते.

दुसऱ्यांदा वाचताना टेसी आली, शेवटी जिची चिठ्ठी निघते ती, आणि पोटात गोळा आला. ती उशिरा पोचते, एप्रनला हात पुसत. आजचा दिवस विसरूनच गेले होते म्हणते. भांडी तशीच टाकून येऊ की काय, अशी थट्टा करते. लोक हसतात. शेजारची मिसेस डेलाक्रॉय तिला सांगते, वेळेवर आलीस हो. अगदी प्रेमाने सांगते. शेवटच्या पानावर सर्वांत मोठा दगड तीच उचलते, दोन्ही हातांनी.