डिफेन्स कंपन्यांचा नफा म्हणजे देशाची कमाई? नाही हो!

ऑपरेशन सिंदूरनंतर एक फॉरवर्ड जो फिरायला लागलाय तो थांबायचं नाव घेत नाही, तुमच्याही ग्रुपवर आला असेलच. म्हणणं थोडक्यात असं, की सरकार संरक्षणावर वर्षाला पावणेसात लाख कोटी खर्च करतं, हे सगळे पैसे आपल्याच कंपन्यांना ऑर्डर म्हणून मिळतात, एचएएल (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) आणि माझगाव डॉक (युद्धनौका बनवणारी) यांचे नफे विक्रमी झालेत म्हणजे देश श्रीमंत होतोय, अमेरिका पण युद्धावरच मोठी झाली, आता तर आपण शस्त्रं एक्स्पोर्ट करतो, आणि जो या खर्चावर प्रश्न विचारेल तो देशाच्या विरोधातला. आणि मग अर्थातच शेवटी कुठले शेअर घ्यायचे त्याची यादी.

यादीचं सोडा, आधी पावणेसात लाख कोटींचं बघू. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी, हा आकडा बरोबर आहे. पण त्यातले १.६१ लाख कोटी पेन्शनचे आहेत. आणखी ३.१२ लाख कोटी पगार, रेशन, इंधन, दारूगोळा, देखभाल असल्या चालू खर्चाचे. नवी विमानं, जहाजं, तोफा घ्यायला जो भांडवली खर्च म्हणतात तो १.८० लाख कोटी, म्हणजे रुपयातले २६ पैसे. त्यातही मॉडर्नायझेशनसाठी साधारण १.४९ लाख कोटी आणि त्यातले देशी खरेदीला १.१२ लाख कोटी. चालू खर्चातूनही स्पेअर पार्ट आणि गोळे देशी कारखान्यांकडून घेतले जातात हे मान्य, तरी २०२४-२५ चं देशातलं सगळं संरक्षण उत्पादन धरलं, सरकारी प्लस खाजगी, तरी ते दीड लाख कोटींच्या आसपास जातं. कुठे पावणेसात आणि कुठे दीड. जवानाचं पेन्शन ही एचएएलची ऑर्डर नसते एवढं तरी फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कळायला हवं होतं.

आता नफा. इथे जरा नीट थांबायला लागेल कारण सगळा गोंधळ इथेच आहे. एचएएलला २०२४-२५ मध्ये ८,३६४ कोटी नफा झाला, आदल्या वर्षापेक्षा जवळपास १० टक्के जास्त. पण त्याच वर्षी विक्री ३०,३८१ कोटींवरून ३०,९८१ कोटी झाली, म्हणजे जेमतेम २ टक्के वाढ. माल जवळजवळ तेवढाच आणि नफा मात्र दणक्यात. हे कसं होतं? एक तर गिऱ्हाईक मुख्यतः एकच, आपलं सैन्य, आणि बऱ्याचशा मोठ्या ऑर्डरी टेंडर न काढता थेट नॉमिनेशनवर (सरकारच कंपनी ठरवून देतं) मिळतात, जिथे किंमत ठरवायची पद्धत ढोबळमानाने अशी की खर्च किती आला ते बघा आणि वर ठरलेलं मार्जिन लावा. दुसरं म्हणजे सरकार ऑर्डरीबरोबर मोठा ॲडव्हान्स देतं, तो खर्च होईपर्यंत कंपनीच्या बँकेत बसतो आणि त्यावर व्याज सुटतं, नफा-तोटा पत्रकात 'इतर उत्पन्न' नावाची ओळ काढून बघा, २,००० कोटींच्या वरचा आकडा दिसेल. थोडक्यात हा नफा बाहेरून कमावून आणलेला नाही, तो तुमच्या आमच्या टॅक्समधूनच गेलाय. सरकारकडे ७१.६४ टक्के शेअर आहेत म्हणून डिव्हिडंडचा तेवढा वाटा परत तिजोरीत येतो, बाकीचा शेअरहोल्डरांच्या खिशात. त्यात वाईट काही नाही, कंपनीने नफा कमवावा, पण याला देशाची कमाई कसं म्हणायचं? सोसायटीच्या वॉचमनची एजन्सी फायद्यात आली म्हणून सोसायटी श्रीमंत झाली असं कोणी म्हणत नाही, वॉचमन लागतोच, ते वेगळं.

आणि ऑर्डर बुक! मार्च २०२५ अखेर एचएएलचं ऑर्डर बुक १.८९ लाख कोटींचं होतं, हा आकडा फॉरवर्डमध्ये तीन उद्गारचिन्हं लावून दिलाय. अहो, ऑर्डर बुक म्हणजे अजून न दिलेल्या मालाची यादी. शेअर घेणाऱ्याला ती लांबलेली आवडते, पायलटला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये एचएएलच्या तेजस मार्क-१ए या ८३ लढाऊ विमानांचा करार झाला, सुमारे ४८ हजार कोटींचा, पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत यायचं होतं. २५ सप्टेंबर २०२५ ला आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा त्या पहिल्या ८३ पैकी एकही विमान हवाई दलाला मिळालेलं नव्हतं. लढाऊ विमानांच्या मंजूर तुकड्या (स्क्वाड्रन) ४२, तेव्हा हातात २९. दोष एकट्या एचएएलचा नाही हे पण सांगायला हवं, इंजिनं अमेरिकेच्या जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीची आणि त्यातलं पहिलंच मार्च २०२५ मध्ये आलं. पण मग आपल्याच कंपन्यांना सगळे पैसे मिळतात या वाक्याचं काय करायचं, विमानाचं काळीजच बाहेरून येतंय!

माझगाव डॉकचं थोडं बरं आहे, मान्य करायलाच पाहिजे. १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत सुरत, निलगिरी या युद्धनौका आणि वाघशीर ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात आल्या, तिन्ही माझगाव डॉकच्या. फक्त वाघशीर ज्या सहा पाणबुड्यांच्या करारातली शेवटची, तो करार २००५ चा होता.

अमेरिकेचा मुद्दा तर नेहमीचाच. दुसऱ्या महायुद्धात तिथली बेकारी गेली हे खरं, पण सव्वा कोटीच्या आसपास माणसं गणवेशात घातल्यावर जाणारच की. त्याच काळात लोकांना काय मिळत होतं ते बघा, फेब्रुवारी १९४२ मध्ये खाजगी गाड्यांचं उत्पादन बंद, साखर, पेट्रोल, टायर रेशनवर. कारखाने रात्रंदिवस चालत होते आणि घरात वस्तू येत नव्हत्या. खरी गंमत पुढची आहे, १९४५ नंतर लष्करी खर्च एकदम कोसळला, आता पुन्हा मंदी येणार म्हणून बरेच अर्थतज्ज्ञ घाबरले होते, आणि आलं काय तर घरं, गाड्या, फ्रिज यांची तेजी. म्हणजे लोकांच्या हातात सुबत्ता आली ती हा खर्च आटल्यावर. १७ जानेवारी १९६१ ला निरोपाच्या भाषणात लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या युतीपासून सावध राहा असं सांगणारे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः पाच स्टार जनरल होते, कोणी झोळीवाला नव्हे. आणि आज तिथे नव्वदीतल्या ५१ मोठ्या कंत्राटदारांच्या जागी विलीनीकरण होत होत ५ उरलेत, स्पर्धाच नाही म्हटल्यावर भाव कोण पाडणार.

रोजगार म्हणाल तर ओझरला ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजसची नवी लाइन सुरू झाली, नाशिकच्या छोट्या वर्कशॉपना कामं मिळतील, मस्त आहे, खडकी, वरणगाव, भद्रावतीचे संसार पण ऑर्डनन्स फॅक्टरीवरच उभे राहिलेत. प्रश्न एवढाच की तेवढेच पैसे रस्त्यात किंवा दवाखान्यात घातले तर किती जणांना काम मिळालं असतं, आणि शिवाय रस्ता वीस वर्षं मालवाहतुकीला उपयोगी पडतो. तोफगोळा बनला की जीडीपीत धरला जातो, पुढे तो पडून राहतो किंवा फुटतो. म्हणून बनवू नका असं नाही, तो सुरक्षेसाठी बनवतो, ग्रोथसाठी नाही.

निर्यात हा फॉरवर्डमधला एकमेव मुद्दा ज्यात दम आहे, कारण तिथे पैसा खरोखर बाहेरून येतो. २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींची विक्रमी निर्यात, त्यातली १५,२३३ कोटींची खाजगी कंपन्यांची, फिलिपिन्सला ब्रह्मोस क्षेपणास्त्र गेलं हे तर आहेच. पण अर्थव्यवस्थेत हिचं वजन किती? देशाच्या एकूण वस्तू-निर्यातीत शंभर रुपयांत एक रुपया पण नाही. त्याच वर्षी नुसता बासमती तांदूळ याच्या दुपटीने बाहेर गेला, बासमतीचा फॉरवर्ड मात्र कोणी पाठवत नाही.

राहिलं देशविरोधाचं. संरक्षणाचे प्रकल्प वेळेवर होत नाहीत, करार करतानाच माहीत असतं की तारीख पाळली जाणार नाही, असं मे २०२५ मध्ये उद्योगपतींच्या कार्यक्रमात भर स्टेजवरून कोण बोललं होतं? हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग.