समुद्रकाठच्या विहिरी मचूळ होतायत

सुट्टीत समुद्रकाठच्या छोट्या गावात जाणाऱ्या सगळ्यांशी बोलायचंय, मीही जातो, दरवर्षी जातो, म्हणूनच बोलतोय. मागच्या वेळी ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजींनी सकाळी विहिरीतून बादली ओढली, ओंजळीत घोटभर घेऊन चव बघितली आणि लगेच थुंकून टाकलं. मचूळ! याच विहिरीचं गोडं पाणी मी पोटभर प्यायलोय हो. आंघोळीला साबणाचा फेस होईना, नळाच्या तोंडावर पांढरा थर, आणि शेजारच्या आवारात स्विमिंग पूल भरायला मोटर दिवसभर चालू. समुद्र चार पावलांवर असताना पूल कशाला लागतो, मला खरंच कळत नाही.

किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, हलकं असतं म्हणून. पण वजनातला फरक अगदीच थोडा, त्यामुळे हिशोब असा बसतो की समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटर टिकतं, घिबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय अभ्यासकांनी हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मांडलंय. आता हेच उलटं करून बघा. उपसा करून वरची पातळी १ मीटर उतरवलीत तर खालचं खारं पाणी हळूहळू ४० मीटरपर्यंत वर चढू शकतं. आणि गोड्या पाण्यात समुद्राचं पाणी नुसतं २-३ टक्के मिसळलं तरी ते पिण्यालायक राहत नाही, एकदा खारावलेली विहीर परत गोडी व्हायला कित्येक वर्षं जातात.

त्यामुळे पाणी कमी पडलं की बोअर अजून खोल मारा, हा उपाय मला साफ चुकीचा वाटतो, खोल गेलं की खाऱ्याच्या अजून जवळ. खोल्या किती बांधायच्या हे पाणी किती आहे त्यावर ठरायला हवं, गावानेच ठरवावं. खोल्यावाल्यांवर मी सगळा दोष टाकत नाही, वर्षाची कमाई दोन महिन्यांत करायची असते त्यांना. पण आपण तरी बुकिंग करताना एसी आहे का विचारतो तसं पाणी कुठून येतं हे विचारूया ना, रोज टॉवेल-चादरी धुवायला नको म्हणून सांगूया.

यंदा आजींना फोन केला. या म्हणाल्या, फक्त प्यायचं पाणी बरोबर आणा.