पेडल्सच्या क्रमाबद्दल: एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. गिटार आणि ॲम्पच्या मधे लावायची इफेक्ट पेडल्स कोणत्या क्रमाने जोडावीत, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया वाचली आणि पेडलबोर्ड पुन्हा उलगडून बसलो, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले.

तुमचे आक्षेप तीन आहेत. मी दिलेली यादी, म्हणजे ट्यूनर, वाह (पायाने ‘वा-वा’ करणारं), फझ (आवाज खरखरीत फोडणारं), ओव्हरड्राइव्ह (आवाज जरा सौम्य फोडणारं), फेझर (आवाज झुलवणारं), डिले (प्रतिध्वनी देणारं), रिव्हर्ब (आवाज घुमवणारं), हे निव्वळ पाठांतर आहे. जिमी हेन्ड्रिक्स आणि एडी व्हॅन हेलन या गिटारवादकांनी असला क्रम कधी पाळला नाही. आणि माझं वाचून तुम्ही फझच्या आधी वाह लावलात, तर तो शिट्टी मारायला लागला. ‘कान सांगतील तसं लावा’ एवढंच नवशिक्यांना सांगायला हवं होतं, असं तुमचं म्हणणं.

शिट्टीपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. जुन्या पद्धतीच्या दोन ट्रान्झिस्टरच्या फझचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, फार कमी असतो, जेमतेम काही किलोओहम. वाहच्या सर्किटला एवढा भार झेपत नाही. त्याचा स्वीप, म्हणजे ‘वा-वा’चा पल्ला, दबतो, आणि काही जोड्यांमध्ये सर्किट स्वतःच गायला लागतं. हे मी लिहायला हवं होतं. फझ आधी आणि वाह नंतर लावून बघा. आवाज वेगळा येईल, जास्त धारदार, कारण फझने तयार केलेले सगळे वरचे स्वर वाहला चाळायला मिळतात. मधे बफर (दोन पेडल्सना एकमेकांच्या भारापासून वेगळं ठेवणारं छोटं सर्किट) घातला तरी शिट्टी थांबते, पण मग फझ बिघडतो.

तो कसा बिघडतो, हे सांगताना माझ्या यादीतली दुसरी चूकही कबूल करायला हवी. तुम्ही ती दाखवली नाहीत, पण ती जास्त गंभीर आहे: ट्यूनर सगळ्यात आधी.

माझ्याकडे शिकणारा एक मुलगा पैसे साठवून घेतलेला फझ विकायला निघाला होता. आवाज चिरका, डब्यात माशी अडकल्यासारखा. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज फक्त बारीक व्हायचा, साफ होत नव्हता. महिनाभर तो नॉब फिरवत होता, कानांनीच शोधत होता. बोर्ड बघितला तर गिटारनंतर लगेच बफरवाला ट्यूनर. गिटार थेट फझमध्ये लावली, ट्यूनर त्याच्यानंतर नेला. मग त्याला ई मायनर वाजवायला सांगितलं आणि वाजत असतानाच त्याच्या गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणला. भिंतीसारखा आवाज विरळ होत गेला आणि त्यातून कॉर्डचे सूर एकेक करून सुटे ऐकू यायला लागले. तो पुन्हा पुन्हा तो नॉब फिरवत राहिला.

१९६६ साली लंडनमध्ये आलेला फझ फेस आणि त्याच्या वंशातले फझ हे पिकअपलाच (तारांचं कंपन सिग्नलमध्ये बदलणाऱ्या गिटारच्या भागालाच) जोडलेले असतात, असं समजा. पिकअपची कॉइल आणि व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) हे त्या सर्किटचेच भाग बनतात. व्हॉल्यूम थोडा उतरवला की पॉटचा रेझिस्टन्स मधे येतो आणि फझ शांत होतो. बफर मधे आला की हे नातं तुटतं. त्या मुलाचे कान चांगले आहेत. पण कानांनी त्याला ‘हे पेडल वाईट आहे’ एवढंच सांगितलं, ‘ट्यूनर हलव’ असं सांगितलं नाही. नवशिक्यांना नुसतं कानांवर सोडायला मी तयार नाही, ते यामुळे.

आता हेन्ड्रिक्स आणि व्हॅन हेलन. १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात हेन्ड्रिक्सकडे आधी वाह, मग फझ फेस, मग युनिव्हाइब (फेझरसारखं पेडल) आणि शेवटी मार्शल ॲम्प होता. हा क्रम माझ्या यादीशी बराच जुळतो. व्हॅन हेलनचं उदाहरण मात्र खरंच तुमच्या बाजूचं आहे: त्याचा फेझ ९० हा फेझर ॲम्पच्या आधी होता आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फोडणं, ॲम्पचंच होतं, म्हणजे फेझर डिस्टॉर्शनच्या आधी. म्हणूनच तो फेझर घोंगावत नाही, सोलोच्या आत मिसळून हळूच फिरतो. तोच फेझर डिस्टॉर्शननंतर लावला तर सगळा आवाज वर-खाली झुलतो. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या लेखात नेमका हाच मुद्दा राहिला. यादी दिली आणि कारण दिलं नाही, तर ते पाठांतरच होतं. तुमचा पहिला आक्षेप मला मान्य आहे.

कारण असं. ॲम्प पूर्ण क्लीन ठेवा, एक ईक्यू पेडल (खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणारं) आणि एक डिजिटल डिले घ्या आणि त्यांची अदलाबदल करा. फरक ऐकू येणार नाही, कारण दोन्ही पेडल्स सिग्नलचा आकार मोडत नाहीत. मधे ओव्हरड्राइव्ह घातला की सगळं बदलतं. तो लाटांचे माथे कापतो, आणि एका वेळी त्याच्यापुढे जे जे सूर येतील त्यांच्यातून नवे सूर काढतो. ४४० हर्ट्झचा ए आणि त्याच्यावरचा ५५४चा सी शार्प, म्हणजे सा आणि ग, एकत्र कापले की ११४चा सूर निघतो. खालचा ए आहे ११०चा, त्याच्याशी हा जुळत नाही. तो बेसूर गढूळपणा इथून येतो. सा-प घेतलात तर ४४० आणि ६५९मधून २१९ निघतो, २२०च्या ए ला जवळजवळ चिकटून. पॉवर कॉर्डमध्ये, म्हणजे नुसत्या सा-पच्या कॉर्डमध्ये, ग का गाळतात, ते यावरून कळेल.

म्हणून डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर असेल तर मागच्या कॉर्डची पुनरावृत्ती आणि नवी कॉर्ड एकाच वेळी कापली जातात. शिवाय डिस्टॉर्शन हळू आवाज वर ओढतं, त्यामुळे विरत जाणारे प्रतिध्वनी विरतच नाहीत. पण यू२ बँडचा गिटारवादक एज आपला डिले व्हॉक्स एसी३० या ॲम्पमध्ये आधीच सोडतो आणि तो सुंदर वाजतो, कारण त्या ॲम्पचा आवाज किंचितच फुटतो आणि एज वाजवतो एकदोन तारा. पूर्ण बारे कॉर्ड आणि भरपूर गेन घेऊन तसं करून बघा.

मूळ लेखातली यादी मी काढली आहे. त्या जागी प्रत्येक पेडलसाठी एकच प्रश्न ठेवलाय: हे डिस्टॉर्शनच्या आधी हवं की नंतर, आणि का? फझ आणि वाहचा परिच्छेद वेगळा लिहिलाय.

तुमचा फझ जर्मेनियमचा आहे की सिलिकॉनचा, ते कळवा. जर्मेनियम असेल तर एप्रिल-मेमधल्या दुपारी तो आणखी वेगळा वागेल, कारण ते ट्रान्झिस्टर तापले की त्यांचा लीकेज, म्हणजे करंटची गळती, वाढतो. आणि वाह नंतर लावल्यावर शिट्टी गेली का, तेही लिहा.